डेल्टा जीच्या डोक्यावरचा ‘नॉट’
(अंतिम वर्ष, केमिकल)

थर्ड इयरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला एकच प्रश्न विचारला. तोपर्यंत माझी गाडी झकास चालली होती. सॉफ्टनरमधलं रेझिन म्हणजे काय, पॉलिस्टायरीनचे मणी, त्यावर सल्फोनिक ग्रुप, प्रत्येक ग्रुपला चिकटलेला एकेक सोडियम, जड पाणी आलं की दोन सोडियम सुटतात आणि एक कॅल्शियम पकडला जातो... सगळं धडाधड सांगितलं. सर म्हणाले, “म्हणजे रेझिनला सोडियमपेक्षा कॅल्शियम जास्त प्रिय आहे?” मी म्हटलं, “हो सर.” “किती?” “के साधारण चार, सर.” “मग डेल्टा जी नॉटचं चिन्ह काय?” “मायनस.” “आता मला सांगा, त्याच रेझिनवर मिठाचं पाणी सोडलं की ते कॅल्शियम सोडून परत सोडियम का घेतं? डेल्टा जी नॉट तर तोच आहे. रेझिनचा विचार बदलला का?”

मी जरा विचार केला आणि म्हणालो, “सर, मीठ स्वस्त असतं म्हणून.”

इंटर्नल मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मार्क किती पडले ते इथे सांगत नाही. पण मित्रांनो, त्या प्रश्नाने माझा पुढे दोन वर्षं पिच्छा पुरवला. एकदा हॉस्टेलच्या पंपरूममध्ये, एकदा इनप्लांट ट्रेनिंगला. म्हणून हा लेख.

आपल्या हॉस्टेलचं बोअरचं पाणी जड आहे हे वेगळं सांगायला नको. शाळेत आपण त्याला ‘दुष्फेन’ म्हणायला शिकलो होतो. बादलीत साबण फाटतो, हीटरच्या रॉडवर पांढरी पुटं चढतात, मेसची तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाण्यासारखी राहते. एरिओक्रोम ब्लॅक टी आणि ईडीटीए घेऊन मोजलं तर कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे ५ मिलिइक्विव्हॅलंट. मेस आणि गरम पाण्याच्या टाकीसाठी पंपरूममध्ये १०० लिटर रेझिनचा सॉफ्टनर आहे. दिवसाला पाच हजार लिटर पाणी त्यातून जातं, आणि दर चार दिवसांनी पंपवाले मामा १२ किलो मीठ अर्ध्या पिंपात विरघळवून त्यावर सोडतात. यालाच रीजनरेशन म्हणतात.

आता माझा पराक्रम. सेकंड इयरला मास ट्रान्सफर नुकतंच सुरू झालं होतं आणि ‘कॉन्टॅक्ट टाइम’ हा शब्द डोक्यात बसला होता. मी मामांना म्हटलं, “मामा, एवढं दाट मीठ पटकन निघून जातं. तेवढंच मीठ सव्वादोन पिंपांत करा आणि सावकाश सोडा. रेझिनला जास्त वेळ मिळेल. पुढे मीठसुद्धा कमी करता येईल.” मामा म्हणाले, “तुम्ही इंजिनिअर होणार, तुम्हाला कळत असेल बाबा.” (हे वाक्य ते नेहमी म्हणतात, आणि त्याचा अर्थ नेहमी वेगळा असतो.) त्यांनी तसं केलं. चार दिवस चालणारा सॉफ्टनर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसला. मेसमध्ये डाळ शिजेना, बाथरूममध्ये साबण फाटायला लागला आणि मामांनी सरळ माझं नाव सांगितलं. मीठ तेवढंच होतं, रेझिन तेच होतं. फक्त पाणी चौपट होतं.

ही चूक आणि ओरलची चूक एकच आहे, हे मला नंतर कळलं. आधी समीकरण शब्दांत लिहू. रेझिनवरचे दोन सोडियम अधिक पाण्यातला एक कॅल्शियम, बरोबर रेझिनवरचा एक कॅल्शियम अधिक पाण्यातले दोन सोडियम. दोन आणि एक. सगळी गंमत या दोन-एकमध्ये आहे. इक्विलिब्रियम कॉन्स्टंट लिहिताना सोडियमचा वर्ग होतो, कॅल्शियमचा होत नाही. त्यामुळे आयनांची कॉन्सन्ट्रेशन्स लिटरमागे किती यापेक्षा एकूणात किती वाटा या भाषेत लिहायला गेलं की समीकरणात एक जादा पद उरतं : रेझिनची क्षमता भागिले पाण्याचं एकूण कॉन्सन्ट्रेशन. रेझिनची क्षमता लिटरमागे साधारण २ इक्विव्हॅलंट असते, ती काही बदलत नाही. पाण्याचं मात्र आपल्या हातात असतं.

वाटा म्हणजे काय तेही सांगतो. रेझिनच्या एकूण जागांपैकी कॅल्शियमने किती भाग अडवलाय, आणि पाण्यातल्या एकूण धन आयनांपैकी किती भाग कॅल्शियमचा आहे. रेझिनवरचा कॅल्शियमचा वाटा भागिले सोडियमच्या वाट्याचा वर्ग ही एक बाजू. पाण्यातलं तसंच गुणोत्तर गुणिले एक आकडा, ही दुसरी बाजू. त्या आकड्याला आपण ‘ओढ’ म्हणू. ओढ म्हणजे के गुणिले २ भागिले पाण्याचं कॉन्सन्ट्रेशन.

बोअरच्या पाण्याला कॉन्सन्ट्रेशन ०.००५. के चार धरू (नेहमीच्या आठ टक्के डीव्हीबीच्या रेझिनला पुस्तकांत साधारण तीन ते सहाच्या दरम्यानचे आकडे सापडतात, चार हा मधला). ओढ आली १६००. अर्धं रेझिन कॅल्शियमने भरलेलं असलं तरी त्याच्याशी समतोल असलेल्या पाण्यात कॅल्शियमचा वाटा किती? हिशेब केला तर हजारात सव्वा. म्हणजे २५० मिलिग्रॅममधलं जेमतेम ०.३ मिलिग्रॅम बाहेर निसटतं. म्हणून सॉफ्टनर इतका चोख काम करतो.

आता मिठाचं दहा टक्के पाणी घ्या. लिटरमागे १.८३ इक्विव्हॅलंट. के तोच, रेझिन तेच. ओढ आली ४.४. सोळाशेची झाली साडेचारच्या आत! पुन्हा अर्धं भरलेलं रेझिन घ्या : समतोलाच्या पाण्यात कॅल्शियमचा वाटा आता पंचवीस टक्के. मिठाच्या पाण्यातल्या प्रत्येक चार जागांपैकी एक जागा कॅल्शियम घेऊन बाहेर पडू शकतो.

आणि माझं सव्वादोन पिंपांचं अडीच टक्के पाणी? कॉन्सन्ट्रेशन ०.४३, ओढ १८, वाटा नऊ टक्के. मीठ तेवढंच, पण त्यातला प्रत्येक इक्विव्हॅलंट पंचवीसऐवजी नऊ टक्के काम करतो. जवळजवळ एक तृतीयांश. खरा कॉलम म्हणजे वरपासून खालपर्यंत वेगवेगळा भरलेला असतो, त्यामुळे हा एकाच बिंदूचा हिशेब ढोबळ आहे. पण डाळ का शिजली नाही हे सांगायला पुरेसा आहे. कॉन्टॅक्ट टाइम वाढवून काय होणार होतं? वेळ दिल्याने रेझिन इक्विलिब्रियमपर्यंत पोचतं. इक्विलिब्रियमच चुकीच्या जागी नेऊन ठेवल्यावर तिथे कितीही सावकाश पोचा.

मग मीठ अजून दाट करावं का, थेट संपृक्त? हा प्रश्न मला एका ज्युनिअरने विचारला. नको. फार दाट पाण्यात मणी आक्रसतात, नंतर धुताना फुगतात, आणि अशा फुगण्या-आक्रसण्याने ते तडकतात. दहाच्या आसपास ठेवतात ते यासाठी.

आता एक्स्टर्नल सरांकडे वळू. के चार म्हणजे डेल्टा जी नॉट किती? २५ अंशाला आरटी म्हणजे २.४८ किलोज्यूल, गुणिले चारचा नॅचरल लॉग, म्हणजे मोलमागे ३.४ किलोज्यूल. मायनस. बस्स, एवढंच. रेझिनचं कॅल्शियमवरचं हे प्रसिद्ध प्रेम रसायनशास्त्राच्या हिशेबात अगदीच किरकोळ आहे. साध्या कार्बन-कार्बन बंधाला साडेतीनशेच्या आसपास लागतात. आणि बोअरच्या पाण्यावरून दहा टक्के मिठावर गेलो की कॉन्सन्ट्रेशन ३६६ पट होतं. आरटी गुणिले ३६६ चा लॉग : १४.६ किलोज्यूल. प्रेमाचे ३.४, गर्दीचे १४.६. रेझिनचा विचार बदलत नाही सर, पण गर्दीपुढे त्याचं चालत नाही. हे उत्तर मला ओरलनंतर दोन वर्षांनी सुचलं.

‘नॉट’ म्हणजे काय हे आपण सगळे घोकतो आणि लगेच विसरतो. डेल्टा जी नॉट म्हणजे सगळे भिडू स्टँडर्ड स्टेटमध्ये उभे असतानाचा हिशेब. तसे ते पंपरूममध्ये कधीच उभे नसतात. प्रत्यक्षात रिॲक्शन कुठे जाणार हे नुसता डेल्टा जी ठरवतो, आणि त्यात आरटी लॉग क्यू हे पद असतं. पेपरमध्ये आपण ते लिहितो. ओरलमध्ये आणि पंपरूममध्ये ‘नॉट’लाच धरून बसतो.

हे असं का होतं, याचं आकड्यांशिवायचं उत्तरही आहे. एक कॅल्शियम आत गेला की दोन सोडियम मोकळे होतात. पाणी पातळ असेल तर मोकळ्या आयनाला हिंडायला भरपूर जागा, म्हणजे एन्ट्रॉपीचा फायदा, आणि दोन मोकळे सोडून एक अडकवणं परवडतं. पाणी दाट झालं की मोकळं होण्यात मजा राहत नाही. फर्स्ट इयरला शिकलेलं आठवा : प्रेशर कमी केलं की जास्त मोल असलेल्या बाजूला गॅसची रिॲक्शन सरकते. तेच हे, फक्त पाण्यात. उलटतपासणी हवी असेल तर डीएम प्लांटचं रेझिन घ्या, जिथे हायड्रोजन आणि सोडियमची अदलाबदल होते. तिथे एकाला एक. कॉन्सन्ट्रेशन वर-खाली दोन्हीकडे सारखं येतं आणि कटतं. म्हणून तिथे पाणी पातळ-दाट केल्याने निवड फारशी पालटत नाही, ॲसिड भरपूर ओतूनच काम करून घ्यावं लागतं.

गंमत म्हणजे हा सगळा विषय पाण्यातून नव्हे, शेतातून आला. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या थॉम्पसन नावाच्या एका जमीनदाराने मातीच्या थरावर अमोनियम सल्फेटचं पाणी ओतलं आणि खालून कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, बाहेर पडलं. अमोनिया मातीने ठेवून घेतला होता. हे १८५० साली छापून आलं, आणि त्याच वर्षापासून वे नावाच्या रसायनतज्ज्ञाने त्यावर पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केले. ही देवाणघेवाण उलट फिरवता येते हे १८५८ मध्ये जर्मनीत आइकहॉर्नने दाखवलं. कृत्रिम रेझिन यायला १९३५ उजाडलं, ॲडम्स आणि होम्स यांनी इंग्लंडमध्येच ते केलं. आपले पॉलिस्टायरीनचे मणी १९४० च्या दशकातले, डीअलेलिओ यांचे.

आपल्याकडे सांगली-कोल्हापूरकडच्या मित्रांना हे घरचंच वाटेल. उसाला पाणी देऊन देऊन काळी जमीन चोपण होते. चोपण म्हणजे मातीच्या कणांवर सोडियम बसलेला. कण फुगतात, सुटे होतात, पाणी मुरत नाही. उपाय काय करतात? जिप्सम टाकतात आणि चर काढून पाण्याचा निचरा करतात. आपल्या सॉफ्टनरच्या बरोबर उलटं. जिप्सम पाण्यात फारसं विरघळतही नाही, लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम. तरी चालतं, कारण पातळ पाण्यात ओढ कॅल्शियमच्या बाजूची! मीठ दाट लागतं, जिप्समला पातळ पुरतं. पंपरूमच्या मागच्या जास्वंदीचं काय झालं तेही आता सांगायला हवं. रीजनरेशनचं सगळं पाणी वर्षानुवर्षं तिच्या मुळाशी सोडलेलं होतं. आम्ही कारण शोधेपर्यंत ती वाळून गेली होती.

फायनल इयरच्या आधीच्या सुट्टीत मी एका खत कारखान्यात ट्रेनिंगला गेलो. नाव सांगत नाही. तिथल्या अमोनिया प्लांटच्या रिफॉर्मरमध्ये नॅचरल गॅस आणि वाफ निकेलच्या कॅटॅलिस्टवरून नेऊन हायड्रोजन करतात. भट्टीत उभ्या नळ्यांच्या रांगा, आत कॅटॅलिस्ट, बाहेर बर्नर. पीपहोलमधून बघितलं तर नळ्या मंद केशरी दिसतात. एका नळीवर मात्र वरून तिसऱ्या हिश्शाजवळ झगझगीत पट्टा होता. शिफ्ट इंजिनिअर म्हणाले, “तिथे कार्बन धरलाय. मिथेन फुटून कार्बन आणि हायड्रोजन होतो ना, त्याचा डेल्टा जी नॉट कुठे शून्य होतो?” मी म्हटलं, “साडेपाचशे अंशांच्या आसपास. त्याच्या वर मायनस.” “मग खाली, नळीच्या तोंडाशी आठशे अंश आहेत. तिथे काजळी भरायला हवी. ती तिथे नाही. वर साडेसहाशेला का?”

एक क्षण मला त्या एक्स्टर्नल सरांचा भास झाला. पण यावेळी ‘गॅस स्वस्त असतो’ असं म्हणालो नाही. कागद मागितला.

मिथेनचं कार्बन आणि दोन हायड्रोजन. इथेही एकाचे दोन, म्हणून हायड्रोजनच्या प्रेशरचा वर्ग. आठशे अंशांना के साधारण २०. नळीच्या तोंडाशी रिॲक्शन बरीच झालेली असते, हायड्रोजन समजा १० बार, मिथेन दीड. क्यू म्हणजे १०० भागिले दीड, ६७. क्यू केपेक्षा मोठा, म्हणजे कार्बन होणं तर सोडाच, असलेला कार्बन हायड्रोजन परत मिथेन करून नेईल. वर साडेसहाशेला के चारच्या आसपास. कॅटॅलिस्ट ताजा असेल तर तिथपर्यंत हायड्रोजन ६ बार, मिथेन ४ : क्यू नऊ. तरीही सुरक्षित. पण कॅटॅलिस्ट गंधकाने किंवा वयाने थकलेला असेल तर वरच्या भागात रिॲक्शनच होत नाही. हायड्रोजन २ बार, मिथेन ५ : क्यू ०.८. चारपेक्षा कितीतरी कमी. आता मिथेन फुटायला मोकळा. वाफ कार्बन खाते हे खरं (वाफ जास्त ठेवतात, एका कार्बनमागे तीनच्या आसपास, ती यासाठीच), पण थकलेल्या कॅटॅलिस्टवर खाण्याचा वेग जमण्यापेक्षा कमी पडला की संपलं. कार्बनने कॅटॅलिस्ट झाकला की उष्णता पिणारी रिफॉर्मिंगची रिॲक्शन तिथे थांबते, बर्नरची उष्णता जायला जागा राहत नाही, नळीचा तो भाग तापतो, तापला की मिथेन आणखी फुटतो. तो झगझगीत पट्टा म्हणजे हे चक्र.

आणि हा कार्बन साधी काजळी नसते, हे मला तिथेच कळलं. तो धाग्यांनी वाढतो. निकेलच्या कणाच्या एका बाजूला मिथेन फुटतो, कार्बन कणातून किंवा त्याच्या पृष्ठभागावरून दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथे धागा होऊन बाहेर पडतो. निकेलचा कण धाग्याच्या टोकावर टोपीसारखा उचलला जातो. १९७२ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ॲसिटिलीन सोडून धागे वाढताना पाहिले, आणि वाढीची ॲक्टिव्हेशन एनर्जी मोलमागे १४५ किलोज्यूलच्या आसपास भरली. निकेलमधून कार्बन सरकायला जवळजवळ तेवढीच लागते, म्हणून वेग ठरवणारी पायरी तीच असा त्यांचा निष्कर्ष. २००४ मध्ये हेल्वेग आणि सहकाऱ्यांनी निकेलच्या पृष्ठभागावरच्या पायऱ्या हलताना अणूंच्या पातळीवर टिपल्या, तेव्हा पृष्ठभागावरून होणाऱ्या वाहतुकीचंही महत्त्व दिसलं. धागे इतके ताकदवान की कॅटॅलिस्टच्या गोळ्या आतून फोडतात. गोळ्यांचा चुरा होतो, प्रेशर ड्रॉप वाढतो. याच उपद्रवी धाग्यांच्या जातीतलं आज लोक मुद्दाम पिकवतात आणि त्याला कार्बन नॅनोफायबर म्हणतात.

इथे ‘नॉट’ने मला दुसऱ्यांदा चकवलं. मी के चार धरला तो ग्रॅफाइटचा. टेबलमध्ये कार्बनची स्टँडर्ड स्टेट ग्रॅफाइटच असते. पण धागा म्हणजे आदर्श ग्रॅफाइट नव्हे : तो वाकडातिकडा, अव्यवस्थित असतो, आणि बारीक असल्याने पृष्ठभागाची ऊर्जाही त्यात धरावी लागते. म्हणून निकेलवर धागा सुरू व्हायला ग्रॅफाइटच्या हिशेबापेक्षा जास्त ढकल लागते, आणि निकेलचे कण जितके बारीक तितकी जास्त. डेन्मार्कच्या रोस्ट्रुप-नील्सन यांनी हे १९७२ मध्येच मोजून दाखवलं. म्हणजे कॅटॅलिस्टवर निकेल बारीक पसरलेलं असेल तर ते थोडं जादा संरक्षण देतं. दिवस गेले, कण एकमेकांत मिसळून मोठे झाले, की तेही जातं. माझ्या कागदावरचा चार म्हणूनच सावधगिरीच्या बाजूचा होता. इंजिनिअर साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “चहा घेणार का?”

मी मीठ पुन्हा अर्ध्या पिंपावर आणलं, ते त्या दुसऱ्याच दिवशी. पिंपाच्या आतून आता ऑइलपेंटची लाल रेघ आहे, त्या वर पाणी घालायचं नाही. निचऱ्याचा पाइप मामांनी गटाराकडे वळवला. जास्वंदीच्या आळ्यातली माती आम्ही उकरली, त्यात जिप्सम मिसळलं आणि पावसाळाभर ते पाणी निघून जाऊ दिलं. यंदा तिथे नवी फांदी लावली आहे.

ज्यांची ओरल जवळ आली आहे त्यांच्यासाठी एक प्रश्न. मिठाऐवजी १२ किलो पोटॅशियम क्लोराइड अर्ध्या पिंपात घेतलं तर चार दिवस निघतील का? दोन गोष्टी लक्षात घ्या : एका किलोत इक्विव्हॅलंट कमी येतात, पण रेझिनला पोटॅशियम सोडियमपेक्षा जरा जास्त आवडतो. वर-खाली काय होतं ते कागदावर करून बघा. मामांना आधी विचारू नका, ते म्हणतील तुम्हाला कळत असेल.